पागा : समुद्रकाठचे घर, पेठेतील वाडा आणि एका शब्दाची वाटचाल

१

कोकण किनाऱ्यावरील एखादे जुने घर विक्रीस निघाले म्हणजे खरेदीखतात काय काय मांडावे लागेल, याची कल्पना त्या घराच्या रचनेवरूनच येते. ओटी, पडवी, माजघर, माळा, पुढचे खळे, मागचे परसू, विहीर, नारळीपोफळीचे आगर आणि गुरांचा गोठा, एवढ्या जिनसांत ते घर संपते. त्यात घोड्याला जागा नाही. याउलट पुण्याच्या सदाशिव पेठेसारख्या पेशवाईत भरभराटलेल्या वस्तीतील सरदारी वाडा विक्रीस निघाला, तर देवडी, चौक, सोपा, दिवाणखाना यांच्या जोडीला पागेचाही हिशेब करावा लागे.

यात विशेष असे की, या दोन्ही प्रकारच्या वास्तूंत राहिलेली घराणी पुष्कळ वेळा एकच आहेत. श्रीवर्धनचे भट, वेळासचे भानू, कोतवड्याचे पटवर्धन, वेळणेश्वरचे गोखले व त्यांतून पुढे प्रसिद्धीस आलेले रास्ते, ही सर्व मंडळी मूळची किनाऱ्यावरची. इ. स. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांस पेशवेपद मिळाल्यानंतर घाटमाथ्यावर येणाऱ्या कोकणस्थ कुटुंबांची रीघ वाढली. गोठ्याच्या घरातून निघालेले हे लोक दोन पिढ्यांत पागेच्या वाड्यात राहू लागले. वडिलार्जित घराला ठाऊक नसलेले हे वास्तूचे अंग त्यांनी कोठून घेतले, त्याबरोबर कोणती शब्दसंपत्ती आली आणि राज्य गेल्यावर त्या अंगाचे काय झाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा प्रश्न केवळ वास्तुवर्णनाचा नाही. जुन्या कागदात ‘पागा’ असा नुसता शब्द आला असता त्याचा अर्थ इमारत, घोड्यांचा समूह, की त्या समूहावरील अंमल, हे ठरविल्यावाचून त्या कागदाचा आशयच निश्चित होत नाही. पागा एकाकडून दुसऱ्याकडे गेली, या वाक्यात जागा गेली की जनावरे गेली की चाकरी गेली, हे तीन वेगवेगळे इतिहास आहेत.

२

किनाऱ्यावरच्या घरात घोडा नव्हता, याचा अर्थ किनाऱ्याला घोडा अपरिचित होता असा नव्हे. वस्तुस्थिती उलट आहे. दख्खनमध्ये आलेला उत्तम घोडा बहुतांशी समुद्रमार्गे, म्हणजे अरबस्तान व इराणकडून आलेला होता. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो याने ठाण्याविषयी लिहिताना तेथील राजाचा चाच्यांशी असलेला करार नोंदविला आहे. लुटीतील इतर माल चाच्यांनी ठेवावा, घोडे मात्र राजास द्यावे, असा तो करार होता. राजाला सोन्यापेक्षा घोड्याची निकड अधिक वाटत होती, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

पुढे इ. स. १४७० च्या सुमारास अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौल बंदरात उतरला. चौलहून घाट चढून तो जुन्नरास पोहोचला. तेथील बहामनी सरदार असदखान याने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदलल्यास घोडा परत देऊ, असे सांगितले. दुसऱ्या एका वजनदार गृहस्थाच्या मध्यस्थीने घोडा व धर्म दोन्ही वाचले. शेवटी त्याने तो घोडा बिदर येथे विकला. बंदर, घाट, लष्करी ठाणे आणि राजधानीचा बाजार, असा घोड्याच्या व्यापाराचा सबंध मार्ग या एका प्रवासात दिसतो. इ. स. १५१० मध्ये गोवे जिंकल्यावर पोर्तुगिजांनी हाच व्यापार आपल्या हाती एकवटण्याचा प्रयत्न केला, कारण विजयनगर आणि विजापूर या दोन्ही सत्तांची गरज त्यांना ठाऊक होती.

तात्पर्य, किनाऱ्यावर घोडा माल म्हणून उतरे आणि घाटावर निघून जाई. तो तेथे राहत नसे. याची कारणे भौगोलिक होत. कोकणातील अतिवृष्टी, चिखलाची भातजमीन, पावलोपावली आडव्या येणाऱ्या खाड्या आणि हरभऱ्याच्या पिकाची वाण, या सर्वांमुळे घोडा पोसणे जड व त्याचा उपयोग थोडा. माणसांची व मालाची ने-आण मचवे, पडाव आणि गलबते यांतून होई. घाट चढण्यास बैल, मेणा आणि डोली असत. म्हणून किनाऱ्यावरच्या घरात गोठा आला, पागा आली नाही.

३

घाटमाथ्यावर आल्यावर चित्र पालटते. भीमा व तिच्या उपनद्यांच्या खोऱ्यांतील गवत आणि कोरडी हवा घोड्याला मानवते. भीमथडीची तट्टे आपल्या काटकपणाबद्दल प्रसिद्ध होती. अरबी घोड्याचा डौल त्यांच्यात नसला तरी डोंगराळ मुलखातील लांबच्या मजला त्यांना झेपत.

मराठी राज्यातील पागेची व्यवस्था सभासदाच्या बखरीत तपशिलाने आली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांची एक हजारी, अशी ती रचना होती. या हिशेबाने एका हजारीत १,२५० घोडी भरतात. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद नेमलेला असे. पावसाळ्यात लष्कराने छावणीस परतावे, तेथे दाणा, वैरण व औषधे आधीच साठविलेली असावी, घोड्यांसाठी गवताने शाकारलेली घरे तयार असावी आणि दसरा होताच पुन्हा मोहिमेस निघावे, असा तो क्रम आहे.

या वर्णनातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, पागा ही मुळात कायमची इमारत नव्हती. ती पावसाळ्यातील छावणी होती आणि दरवर्षी नव्याने शाकारली जाई. दुसरी, पागा हे सत्तेचे साधन होते. बारगिराचा घोडा सरकारचा, शिलेदाराचा घोडा स्वतःचा. म्हणून शिलेदारांना पागेच्या अंमलाखाली ठेवण्याचे धोरण सभासदाने नमूद केले आहे. ज्याच्या दावणीला घोडे, त्याच्या हाती राज्य, असा हा सरळ व्यवहार होता.

घोड्यांचे बळ दाणावैरणीवर अवलंबून असते, याचा कटू अनुभव मराठ्यांना पानिपतावर आला. १४ जानेवारी १७६१ च्या लढाईपूर्वीच्या कोंडीत घोडी उपासमारीने खंगली होती. ज्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने पुण्यातील सदाशिव पेठ ओळखली जाते, ते त्याच रणांगणावर पडले.

पेशवाईत पुणे हे राजकारणाचे केंद्र झाले आणि मोहिमेतून परतलेले सरदार तेथे स्थायिक होऊ लागले. तेव्हा शाकारलेल्या छावणीची पक्की इमारत बनली व ती वाड्याला जोडली गेली. रास्त्यांच्या नावाने तर एक सबंध पेठच ओळखली जाते. ज्यांच्या पूर्वजांनी वेळणेश्वरास समुद्राची गाज ऐकली, त्यांचे वंशज पुण्यात रिसाल्याचे धनी झाले.

४

या स्थित्यंतराची साक्ष भाषा अधिक स्पष्टपणे देते. किनाऱ्यावरच्या घराचे शब्द पाहिले तर ओटी, पडवी, माजघर, गोठा, परसू, आगर हे घरगुती व बहुधा संस्कृत-प्राकृत परंपरेतून आलेले आहेत. पागेतील शब्द पाहिले तर फारसी-अरबीचा सुळसुळाट दिसतो. ‘जीन’, ‘लगाम’, ‘तोबरा’ हे फारसी आहेत, ‘रिकीब’ व ‘नाल’ हे अरबी आहेत. ‘खोगीर’ हा फारसी शब्द मूळ अर्थाने घाम टिपून घेणारे आच्छादन होय. ‘तबेला’ हा अरबी शब्द जनावरे बांधण्याच्या लांब दोरास लावीत, दोराचे नाव पुढे जागेस मिळाले. अरबीतून आलेला ‘अस्तबल’ आणि इंग्रजी भाषेतील त्याच अर्थाचा शब्द हे दोन्ही लॅटिनपर्यंत मागे नेता येतात. घोडा बांधण्याच्या जागेला मात्र मराठीने आपला ‘ठाण’ हा शब्द राखला. तो संस्कृत ‘स्थान’ या शब्दापासून आला आहे. घोडा आणि त्याचा साज परका, त्याची उभी राहण्याची जागा स्वतःची, अशी ही वाटणी झालेली दिसते.

‘पागा’ हा शब्द फारसी ‘पायगाह’ या शब्दाचे रूप आहे. ‘पाय’ म्हणजे पाऊल व ‘गाह’ म्हणजे जागा. फारसीत त्याला स्थान, दर्जा आणि घोडशाळा असे अर्थ आहेत. हैदराबादच्या राज्यात याच शब्दावरून ‘पायगा’ हे नाव रिसाला बाळगणाऱ्या उमराव घराण्यांस मिळाले, म्हणजे तेथे दर्जाचा अर्थ बळावला. मराठीत जागेवरून तो घोड्यांच्या समूहाकडे आणि समूहावरून लष्करी खात्याकडे गेला. त्या खात्याचा हिशेबनीस तो ‘पागनीस’. पुढे ते आडनावही झाले. ‘बारगीर’ शब्दाचाही असाच प्रवास आहे. फारसीत तो ओझे वाहणाऱ्या घोड्याचा वाचक, मराठीत तो सरकारी घोड्यावर बसणाऱ्या स्वाराचा. नाव घोड्यावरून उतरून माणसावर चढले.

शिवकालात रघुनाथपंडितांच्या राजव्यवहारकोशाने राज्यकारभारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्याचा पद्धतशीर यत्न केला. अमरकोशात घोडशाळेला ‘मंदुरा’ हा शब्द तयारच होता. तथापि मोतद्दार व चाबूकस्वार यांच्या तोंडी ‘पागा’च राहिली. ज्या व्यवसायाचे हत्यार परभाषेतून आले, त्याचा शब्द आज्ञेने पालटत नाही, याचे हे ठळक उदाहरण होय. याउलट, जेथे व्यवसाय मोडला तेथेही शब्द अलंकारिक अर्थाने टिकून राहिले. आज ज्यांनी खोगीर पाहिलेले नाही, तेही निरर्थक भरण्याला खोगीरभरती म्हणतात. घोड्याचा तोबरा गेला तरी तोंडात तोबरा भरणारे आहेतच.

कागद वाचताना या अर्थांचा निवाडा कसा करावयाचा? संदर्भातील क्रियापद येथे उपयोगी पडते. पागा ‘बाळगली’ वा ‘मोडली’ असेल तर अर्थ घोड्यांचा समूह, घोडी पागेत ‘बांधली’ असतील तर इमारत, ऐवज पागेकडे ‘खर्च पडला’ असेल तर खाते. ही कसोटी प्रत्येक ठिकाणी निर्णायक ठरेल असे नाही, पण एकाच अर्थाने सर्व कागद वाचण्याच्या चुकीपासून ती वाचवील.

५

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. त्याच महिन्यात पुणे इंग्रजांच्या हाती गेले आणि ३ जून १८१८ रोजी दुसरे बाजीराव मालकमच्या स्वाधीन झाले. राज्याबरोबर पागाही मोडल्या. घोडा, स्वार, मोतद्दार, नालबंद, वैरणवाला, पखालजी अशी जी साखळी एका पगारावर उभी होती, ती तुटली. १८१७ च्या पुणे तहानुसार पेशव्यांच्या खर्चाने इंग्रजांच्या हुकमतीखाली उभारलेला रिसाला मात्र पुढे ‘पूना हॉर्स’ या नावाने टिकून राहिला. शहराचा घोडा छावणीत गेला.

मागे राहिल्या त्या रिकाम्या जागा. सदाशिव पेठेतील विश्रामबाग वाडा दुसऱ्या बाजीरावांनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बांधला. इ. स. १८२१ मध्ये त्यात इंग्रजांनी संस्कृत पाठशाळा सुरू केली. १८७९ च्या आगीत वाड्याचे मोठे नुकसान झाले व पुढे लोकवर्गणीच्या साहाय्याने त्याची डागडुजी झाली. पुण्याच्या नगरसंस्थेची कचेरीही १९५९ पर्यंत तेथेच होती. राजाचे घर विद्येचे व नंतर नागरिकांचे झाले.

तेथून पायी काही मिनिटांच्या अंतरावर, लक्ष्मी रस्त्यालगत, हुजूरपागा आहे. ‘हुजूर’ म्हणजे खुद्द पेशवे. त्यांच्या खाशा घोड्यांची ही पागा. २९ सप्टेंबर १८८४ रोजी न्यायमूर्ती रानडे, वामन आबाजी मोडक, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, शंकर पांडुरंग पंडित प्रभृतींच्या पुढाकाराने पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले. ते पुढे या जागेवर आले आणि जागेचे नाव शाळेला चिकटले. ‘ती हुजूरपागेत शिकली’ या वाक्यात पुणेकराला काही वावगे वाटत नाही. पाऊल ठेवण्याची जागा, घोडशाळा, रिसाला, खाते, पुन्हा इमारत आणि अखेर कन्याशाळा, असा या शब्दाचा प्रवास पुरा झाला. ज्या काळात मुलींना उच्च शिक्षण द्यावे की नाही याविषयी या शहरात तीव्र वाद चालू होता, त्या काळात त्या शिक्षणाला मिळालेले घर हे लष्करी सत्तेचे रिकामे घर होते, ही घटना सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाने विसरू नये.

६

खरेदीखताने जमीन, भिंती, विहीर, झाडे यांची मालकी पालटते. नावाची मालकी पालटत नाही, कारण ती कोणा एकाची नसते. पेठांतील जुने वाडे एकामागून एक पडले, त्यांच्या जागी मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या आणि पागांच्या भिंती बहुतेक नाहीशा झाल्या. अशा वेळी स्थळनाम, आडनाव आणि वाक्प्रचार हीच पुराव्याची साधने उरतात. दगडलाकडांच्या अवशेषांची जशी मोजणी होते, तशी या शब्दांचीही काळ व अर्थ यांसह नोंद होणे अगत्याचे आहे. जुने खरेदीखत हाती आल्यास त्यातील चतुःसीमा पाहावी, तसेच वास्तूच्या अंगांची नावेही उतरून घ्यावी. गोठा संपून पागा कोठे सुरू झाली आणि पागेच्या जागी दुसरे नाव कोणत्या साली आले, हे एकेका घराण्याच्या कागदांवरून दाखविता आले, तर किनाऱ्यावरून पेठेत आलेल्या समाजाच्या उदयास्ताचा एक स्वतंत्र आलेख तयार होईल. पुण्यातील दप्तरांत त्याची सामग्री आहे. ती वाचताना शब्दाला त्याच्या काळाचा अर्थ द्यावयाचा, एवढे पथ्य मात्र पाळले पाहिजे.