जुळवणीचा अधिकार

२००२च्या सुमारास जावात मोठं वेब ॲप्लिकेशन उभारणाऱ्या प्रोग्रामरचा निम्मा जीव सामान जमवण्यात जाई. ऑर्डर नोंदवणाऱ्या क्लासला डेटाबेसचं कनेक्शन हवं, तर ते त्यानेच जेएनडीआय या नावांच्या नोंदवहीत शोधायचं. एका साध्या ‘एंटरप्राइझ जावाबीन’साठी दोन इंटरफेस, एक क्लास आणि वर एक्सएमएलची फाइल लागे. खरा जाच चाचणीचा होता. किरकोळ हिशेब तपासायचा तरी अवजड सर्व्हर सुरू करावा लागे.

ऑस्ट्रेलियाच्या रॉड जॉन्सन यांनी त्याच वर्षी पुस्तक लिहून या पद्धतीचे वाभाडे काढले आणि पर्याय म्हणून सुमारे ३० हजार ओळींचा कोडही दिला. युर्गेन होलर आणि यान कॅरोफ या वाचकांनी तो सर्वांसाठी खुला करण्याचा आग्रह धरला. त्यातून ‘स्प्रिंग’ आकाराला आलं, त्याची १.० आवृत्ती मार्च २००४मध्ये निघाली. आता क्लासने आपल्याला काय लागतं एवढंच सांगायचं. ते घडवून हाती देणं स्प्रिंगच्या कंटेनरचं काम. चाचणीत खऱ्या डेटाबेसऐवजी नकली देता येऊ लागला, हा मोठाच दिलासा.

ही कल्पना अगदी नवी नव्हती. नियंत्रण उलटं करण्याबद्दल, म्हणजे ते आपल्या कोडकडून फ्रेमवर्ककडे सोपवण्याबद्दल, राल्फ जॉन्सन आणि ब्रायन फूट यांनी १९८८मध्येच लिहिलं होतं. जानेवारी २००४मध्ये मार्टिन फाउलर यांच्या लेखाने या विशिष्ट रीतीला ‘डिपेंडन्सी इंजेक्शन’ हे नाव रूढ केलं.

पण स्प्रिंगची जुळवणी एक्सएमएलमध्ये लिहिली जाई आणि त्या फायली फुगत गेल्या. नावात एक अक्षर चुकलं तरी ते प्रोग्राम चालवल्यावरच कळे. २००७मध्ये गूगलमधल्या बॉब ली यांचं ‘ग्विस’ खुलं झालं आणि जुळवणी पुन्हा जावातच लिहिता येऊ लागली. पुढे ली आणि रॉड जॉन्सन या दोघा प्रतिस्पर्ध्यांनी मिळून २००९मध्ये जावासाठी सामाईक मानक आणलं.

जावाबाहेर मायक्रोसॉफ्टने २०१६च्या एएसपी डॉट नेट कोअर या वेब फ्रेमवर्कमध्ये असा कंटेनर मुळातच बसवला. तिथे सेवा नोंदवताना तिचं आयुष्यही ठरवावं लागतं: सिंगलटन संपूर्ण ॲप्लिकेशनभर एकच, स्कोप्ड प्रत्येक विनंतीला एक, ट्रान्झिएंट मागेल तेव्हा नवी. इथली चूक महागात पडते. सिंगलटनने स्कोप्ड सेवा धरून ठेवली, तर एका ग्राहकाची माहिती दुसऱ्याच्या विनंतीत मिसळू शकते. डेव्हलपमेंटमध्ये फ्रेमवर्क ही चूक पकडून एरर देतं. तो एरर दिसला, तर तपासणी बंद करू नका. सेवेचं आयुष्य नीट ठरवा.