पुढचे चाक : घरी बांधलेल्या विमानांचा नाजूक पाय

१/ विमानाच्या उड्डाणाचे कौतुक सारेच करतात. उतरण्याचा इतिहास मात्र क्वचितच सांगितला जातो. प्रारंभीच्या दशकांत बहुतेक विमाने पुढची दोन मोठी चाके आणि शेपटीखालचा एक छोटा आधार यांवर उभी राहत.

२/ या रचनेत गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. त्यामुळे उतरताना विमान किंचित तिरके झाले, की तिरकेपणा वाढतच जातो आणि ते गर्रकन फिरते.

३/ फ्रेड वाइक यांच्या एरकूप विमानाने (१९३७) तिसरे चाक नाकाखाली आणले. गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे आला आणि विमान आपोआप सरळ धावू लागले. १९५६ पासून सेस्ना १७२ने ही रचना सर्वसामान्य वैमानिकांच्या अंगवळणी पाडली.

४/ ऑरेगनच्या रिचर्ड व्हॅनग्रुन्सवेन यांची आरव्ही विमाने सुट्या भागांच्या संचातून हौशी लोक स्वतः बांधतात. पहिली मॉडेले शेपूटचाकी होती. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या आरव्ही-६एला मात्र पुढचे चाक मिळाले.

५/ हे चाक एका बारीक, तिरप्या पोलादी दांड्याच्या टोकाला असते. वजन कमी, रचना साधी. परंतु दांड्याच्या खालच्या टोकाचा नट जमिनीपासून फार उंच नसतो. खड्ड्यात वा मऊ मातीत दांडा लवला, की नट जमिनीत रुततो, दांडा विमानाखाली दुमडतो आणि विमान उलथते. काचेचे छत जमिनीवर टेकले, की आतील माणसांना बाहेर पडणेही कठीण होते.

६/ असे अपघात वारंवार घडू लागल्यावर अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने तांत्रिक अभ्यास केला. निष्कर्ष अनपेक्षित होता : दांड्याची ताकद अपेक्षित कामासाठी पुरेशी होती, घात होत होता तो टोक जमिनीला टेकल्यामुळे.

७/ २००७ मध्ये कंपनीने नवा चिमटा देऊन ही उंची सुमारे एका इंचाने वाढवली. तथापि घरी बांधलेल्या विमानाचा निर्माता कायद्याने बांधणाराच असतो. कंपनीची सूचना म्हणजे आज्ञा नव्हे. बदल करायचा की नाही, हे प्रत्येक मालकावर सोपवले गेले.

८/ आरव्ही-१० आणि आरव्ही-१४ या मॉडेलांत दांड्याला रबरी चकत्यांचा आधार मिळाला. जुन्या विमानांचे वैमानिक मात्र आजही उतरल्यावर दांडी मागे ओढून नाक शक्य तितका वेळ उचलून धरतात. एका धोक्यावर शोधलेला उपाय स्वतःचा धोका घेऊन आला आणि त्याचे अंतिम उत्तर यंत्राइतकेच माणसाच्या हातात राहिले.