जाळ, धूर आणि ऊस : आरएक्सच्या कार्बोरेटरची कोल्हापुरी गोष्ट

गेल्या महिन्यात शाहूवाडीच्या पुढं, आंबा घाटाच्या अलीकडं माझी आरएक्स हंड्रेड चालता चालता जाम झाली. चौथा गिअर, सत्तरचा स्पीड. मागचं चाक एकदम अडकलं. हात क्लचवर होता म्हणून वाचलो, नाहीतर ही पोस्ट दुसऱ्या कुणीतरी लिहिली असती. अर्ध्या तासानं इंजिन गार झाल्यावर किक मारली तर बाईसाहेब सुरू! तशीच रडतखडत कोल्हापूरला आणली आणि सरळ उद्यमनगरात मेस्त्रीमामांच्या दारात उभी केली.

मामांनी आधी प्लग काढला. माझ्या नाकासमोर धरला. "पत्रकार, चुन्यासारखा पांढरा झालाय बघा. गाडी उपाशी पळालीया."

उपाशी म्हणजे काय, हे ज्यांनी टू-स्ट्रोक चालवली नाही त्यांच्यासाठी सांगतो. कार्बोरेटरचं काम एवढंच की, हवेत पेट्रोल मोजून मिसळायचं. साध्या पेट्रोलच्या एक किलोला जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल कमी पडलं की मिश्रण पातळ होतं, आणि टू-स्ट्रोकला ते परवडत नाही. कारण इथं पेट्रोल नुसतं जळत नाही, ते आतून इंजिन गारही करतं. राजदूत, येझदीसारख्या गाड्यांत तर ऑइलही टाकीतल्या पेट्रोलमधूनच जातं. मिश्रण पातळ झालं की पिस्टन तापतो, फुगतो आणि बोअरला धरतो. आपल्याकडं 'जाळ आणि धूर संगटच' म्हणतात ना, ते टू-स्ट्रोकला अक्षरशः लागू आहे. धूर कमी आणि जाळ जास्त झाला की संपलं.

आता थोडं मागं जाऊ. आमच्या लहानपणी गावागावातनं दुधाचे कॅन लटकवलेली राजदूत यायची. पोलंडच्या गाडीवरून एस्कॉर्ट्सनं बनवलेली, १७५ सीसीची. तिची धाकटी बहीण १९७३ च्या 'बॉबी' सिनेमात ऋषी कपूरनं चालवली आणि पोरांना वेड लागलं. म्हैसूरची जावा, मग येझदी, ही जरा खात्यापित्या घरातली. आणि १९८५ साली एस्कॉर्ट्सनंच यामाहाची आरएक्स हंड्रेड आणली. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, वजन शंभरेक किलो. त्याच वर्षी हिरो होंडाची फोर-स्ट्रोक सीडी हंड्रेड आली. हिशेबी माणसानं ती घेतली. कोल्हापूरनं आरएक्स घेतली. (यावर कमेंटमध्ये भांडायला मी तयार आहे.) १९९६ ला आरएक्स हंड्रेड बंद झाली, तरी मंगळवार पेठेत आजही तिच्या आवाजावर माणूस मान वळवून बघतो.

ती इथं टिकली त्याचं कारण उद्यमनगर. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्यापासून या गावानं ऑइल इंजिनं बनवली, नदीकाठच्या शेतावर पंपाला जोडली. बाहेरचं इंजिन उघडायचं, बघायचं, ओतायचं, घासायचं आणि चालवायचं, असं हे गाव शिकलं. यात लाजण्यासारखं काही नाही. यामाहाची स्वतःची पहिली मोटारसायकल, १९५५ ची वायए-वन, ही जर्मनीच्या डीकेडब्ल्यू आरटी-१२५ वरूनच घेतलेली होती. ज्या गल्लीत बोअर घासून दोरभर फरक बोटानं ओळखणारी माणसं आहेत, तिथं बोटाएवढ्या पितळी जेटचं काय घेऊन बसलात? मामा सांगतात, ऐंशीच्या दशकात जेट मिळायचा नाही तेव्हा ते जुन्या जेटचं भोक डाग देऊन बुजवायचे आणि बारीक सुईनं परत पाडायचे. मोठं झालं तर परत बुजवायचे.

आता मुद्द्याचं. हा जेट ज्या पेट्रोलसाठी पाडला, ते पेट्रोल आता पंपावर नाही. २००३ पासून महाराष्ट्रासह काही राज्यांत पाच टक्के इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली. २०२२ ला देशभर दहा टक्के, फेब्रुवारी २०२३ ला ई-२० आलं आणि २०२५ पर्यंत वीस टक्के सगळीकडं झालं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळं या मिश्रणाला हवा कमी लागते, किलोला साधारण साडेतेरा. नव्या गाडीतला सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो. माझ्या १९९४ च्या कार्बोरेटरला सेन्सर नाही. तो जुन्याच मापानं वाढत राहतो आणि गाडी सात-आठ टक्के उपाशी. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळ्यात महिनाभर गाडी उभी राहिली की पाणी आणि इथेनॉल तळाला वेगळं बसतं. टाकीत ऑइल मिसळणाऱ्या गाडीचं इंजिन तेव्हा बिनऑइलचं चालतं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. माझ्या गाडीचं सगळं बिल मी इथेनॉलवर फाडणार नाही. मामांनी कार्बोरेटरमागचा रबरी जोड काढला तर त्याला केसाएवढी चीर होती. तिथनंही हवा ओढत होती. ती चीर वयानं पडली की इथेनॉलनं, हे मामाही सांगू शकले नाहीत.

आणि इथेनॉलला शिव्या घालणं कोल्हापूरकराला सोपं नाही. ते आपल्याच उसाचं आहे. साखरेचा भाव पडला की कारखान्याकडं एफआरपी द्यायला पैसा नसतो, हे आपण आंदोलनात बघितलंय. डिस्टिलरीनं तो हात थोडा सैल केला. माझ्या चुलत्यांचं बिल त्यातूनच वेळेवर आलं. म्हणजे चुलत्यांच्या उसानं पुतण्याचा पिस्टन जाम केला, असा हा घरगुती मामला आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. बिनइथेनॉलच्या पेट्रोलचाही पर्याय ठेवा, ही याचिका सुप्रीम कोर्टानं १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली. ठीक. पण पंपावर किती टक्के आहे ते ठळक लिहायला काय जातं? वीसला धरून जेट बसवला आणि उद्या टक्का वाढवला, तर परत तेच. दुसरीकडं पीयूसी. मार्च २००० पूर्वीच्या टू-स्ट्रोकला आयडलवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा साडेचार टक्के. त्यासाठी लोक स्क्रू फिरवून मिश्रण पातळ करतात, कागद घेतात आणि तशीच गाडी घाटात पळवतात. २०२१ च्या व्हिंटेज नियमात बसायला गाडी पन्नास वर्षांची लागते. म्हणजे पहिल्या आरएक्सलाही २०३५ उजाडणार. तोवर ती कायद्याला नुसती जुनी गाडी.

मामांनी काय केलं ते लिहून ठेवतो, कारण हे कुठल्या अभ्यासक्रमात नाही. जोड नवा. फ्लोटची उंची तपासली. मेन जेट एक नंबर मोठा. सुईची क्लिप एक खाच खाली, म्हणजे सुई वर आली आणि मधल्या थ्रॉटलला पेट्रोल वाढलं. मग इंजिन गरम करून हवेचा स्क्रू पूर्ण बंद केला आणि हळूहळू उघडत गेले. दीड फेऱ्याच्या आसपास आवाज एकदम मोकळा झाला. मामांनी डोळे मिटले होते. पाव फेरा परत आत. "थोडी जाड असू दे. जाड गाडी धूर काढती, पातळ गाडी माणूस काढती."

मग बावडा-शिये रस्त्यावर चौथ्या गिअरला पूर्ण पिळून, क्लच दाबून, चावी बंद. कडेला थांबून प्लग काढला. बिस्किटासारखा तांबूस.

परत आल्यावर पैसे विचारले तर म्हणाले, "निम्मे द्या. थंडी पडली की हवा जड हुती, तवा परत पातळ वाटंल. दिवाळी झाली की या, मग बाकीचे घेतो."

मामांचा मुलगा पुण्यात कॉम्प्युटरवर आहे. गॅरेजात शिकायला सध्या कुणी नाही.