बर्फाचें राज्य : शामोनीच्या हॉकी-संघाची कथा

हॉकी म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें हिरवें मैदान उभें राहतें. परंतु शीत देशांत हा खेळ गोठलेल्या पाण्यावर, बुटांस लोखंडी पातीं लावून, चेंडूऐवजीं रबराची चपटी चकती काठीनें ढकलीत खेळतात. फ्रान्समध्यें या खेळाचें स्वामित्व दीर्घकाळ पॅरिसकडे नव्हतें. तें आल्प्स पर्वतांतील शामोनी नांवाच्या एका लहानशा गांवाकडे होतें. तेथील संघ १९१० सालीं स्थापन झाला आणि १९२३ पासून १९७९ पर्यंत त्यानें राष्ट्रीय विजेतेपद तीस वेळां मिळविलें. ज्या गांवाची वस्ती आजहि नऊ हजारांच्या आसपास आहे, त्यानें एवढा पराक्रम करावा याचें कारण काय? ‘थंड हवा’ हें उत्तर सहज सुचतें. तें खोटें नाहीं. पण अपुरें आहे, असें आम्हांस वाटतें.

शामोनी समुद्रसपाटीपासून सुमारें १,०३५ मीटर उंचीवर, माँ ब्लाँ शिखराच्या पायथ्याशीं वसलें आहे. (१९६६ च्या जानेवारींत मुंबईहून निघालेलें एअर इंडियाचें विमान ज्या पर्वतावर आदळून डॉ. होमी भाभा आपल्यांतून गेले, तो हाच.) बाल्मा व पाकार या दोघांनीं १७८६ सालीं हें शिखर प्रथम सर केलें, तेव्हां तो मुलूख फ्रान्सचा नव्हताच, साव्होय प्रांत फ्रान्सला मिळाला तो १८६० सालीं. १९०१ मध्यें आगगाडी आली आणि पुढें हिंवाळ्यांतहि प्रवासी येऊं लागले. त्यांच्या करमणुकीसाठीं बर्फाचीं मैदानें तयार झालीं, आणि गांवचीं मुलें त्यांवर वाढलीं. १९०८ सालीं लुई मान्यूस या फ्रेंच गृहस्थाच्या पुढाकारानें पॅरिस येथें या खेळाची आंतरराष्ट्रीय संस्था निघाली. पण लगेच पुढच्या जानेवारींत तिच्या मंडळींनीं सामने भरविले ते शामोनीस. पॅरिसनें नियम करावे व शामोनीनें बर्फ पुरवावें, अशी ही वांटणी होती.

१९२४ सालीं २५ जानेवारीपासून येथें हिंवाळी खेळांचा आंतरराष्ट्रीय सप्ताह झाला. पहिलें हिंवाळी ऑलिंपिक हें नांव त्यास दोन वर्षांनीं, मागाहून मिळालें. समारंभाच्या आठवडाभर आधीं पाऊस पडून मैदानाचें तळें झालें होतें. ऐन वेळीं थंडी पडली म्हणून अब्रू राहिली. कॅनडाच्या संघानें स्वित्झर्लंडला ३३ विरुद्ध ० असें हरविलें, आणि अमेरिकेनें यजमान फ्रान्सवर २२ गोल केले. त्या फ्रेंच संघांत शामोनीचा आल्बेर हासलेर होता. पायो हें आडनांवहि त्यांत दोनदां येतें. हें त्या खोऱ्यांतील वाटाड्यांचें आडनांव होय. उन्हाळ्यांत दोर व हिंवाळ्यांत काठी, असा तेथील घराण्यांचा क्रम होता.

सहा वर्षांनीं मात्र निसर्गानें दगा दिला. १९३० ची जागतिक स्पर्धा शामोनीस सुरू झाली आणि हवा तापून बर्फ वितळूं लागलें. उरलेले सामने आटोपण्यासाठीं ती मुख्यतः बर्लिनला न्यावी लागली. तेथें यंत्रानें गोठविलेलें बर्फ तयार होतें. ज्या संघानें १९२९, १९३० व १९३१ अशीं ओळीनें तीन वर्षें देश जिंकला, त्याच्याच अंगणांत हें घडावें! आमच्या मतें या संघाच्या इतिहासांतील सर्वांत अर्थपूर्ण घटना त्याच्या तीस विजयांपैकीं एकहि नव्हे. ती हीच होय.

कारण पुढें काय झालें तें पाहावें. पॅरिसमध्यें ‘व्हेल दिव्ह’ नांवाचें सायकल-शर्यतींचें मोठें बंदिस्त क्रीडागृह होतें. १९३१ सालीं तेथें कृत्रिम बर्फाची सोय झाली, कॅनडाहून खेळाडू आले, तिकिटें खपूं लागलीं. आणि १९३२ पासून १९३८ पर्यंत शामोनीस एकदांहि विजेतेपद मिळालें नाहीं. थंडी तीच होती, मुलेंहि तींच होतीं. फक्त बर्फ आतां कोठेंहि करतां येत होतें. ज्या क्रीडागृहानें हें राज्य हिरावून घेतलें, त्याचें नांव पुढें भलत्याच कारणानें जगास कळलें. १९४२ च्या जुलैंत फ्रेंच पोलिसांनीं हजारों ज्यू स्त्री-पुरुषांस व मुलांस पकडून तेथें कोंडलें, आणि तेथून त्यांची रवानगी मृत्यूच्या छावण्यांकडे झाली. त्या वर्षीं विजेतेपद शामोनीकडे होतें. या दोन गोष्टींचा कार्यकारणसंबंध लावूं नये. पण विजेत्यांची यादी वाचतांना त्या सालापाशीं बोट अडखळतें.

युद्धानंतर डोंगरी संघानें पुन्हां डोकें वर काढलें. १९६३ ते १९६८ हीं सहा वर्षें ओळीनें, आणि पुन्हां १९७० ते १९७३ हीं चार, शामोनीच अजिंक्य राहिलें. म्हणूनच केवळ थंडीवर सारें श्रेय टाकणें आम्हांस पटत नाहीं. बर्फ पायांशीं असलें कीं मूल चालावयास शिकतां शिकतां घसरावयासहि शिकतें. पिढ्यान् पिढ्यांची ही संवय यंत्राला एका हंगामांत निर्माण करतां येत नाहीं. परंतु संवयीलाहि पुढें पैशाशीं गांठ पडली. ग्रनोब्ल येथें १९६८ चें ऑलिंपिक झालें, आणि त्या शहराचा संघ १९८१ सालीं विजेता झाला. १९९० मध्यें रूआँ जिंकलें. रूआँ तर सीन नदीकांठचें, पर्वताचा वाराहि न लागलेलें शहर! खेळाडूंस वेतन द्यावयाचें म्हणजे प्रेक्षक हवेत, आणि नऊ हजारांच्या गांवांत ते कोठून आणावयाचे?

खुद्द शामोनींतहि १९७० नंतरच्या दशकांत रोजे तायिबेर या वास्तुशिल्प्याच्या काँक्रीटच्या घुमटांनीं नवें क्रीडागृह सजलें, आणि तेथील बर्फ आतां यंत्रच करतें. १९७९ नंतर विजेतेपद आलें नाहीं. २०१६ सालीं शेजारच्या मॉर्झीन गांवाच्या संघाशीं एकी करून ‘पियोनिये’, म्हणजे अग्रदूत, या नांवाचा संघ उभारण्यांत आला. आणि ‘शामुआ’ हें जुनें नांव, जें त्या कड्यांवरून उड्या मारीत फिरणाऱ्या रानबकऱ्यासारख्या प्राण्यावरून पडलें होतें, तें मागें पडलें.