फुकटची रात्र : हॉटेलच्या पॉइंटांचा अर्थेतिहास

एप्रिल २०२०मध्ये करोनाच्या साथीने जगभरची हॉटेले ओस पडली होती. खोल्या रिकाम्या, पण कर्जाचे हप्ते आणि इमारतींचा खर्च चालूच. हिल्टन या अमेरिकी हॉटेल कंपनीला रोकड हवी होती. त्यासाठी तिने इमारत विकली नाही की जमीन विकली नाही. तिने आपल्या लॉयल्टी योजनेतले पॉइंट अमेरिकन एक्सप्रेस या कार्ड कंपनीला आगाऊ विकले आणि १ अब्ज डॉलर रोख घेतले. पुढच्याच महिन्यात मॅरियटने जेपी मॉर्गन चेस आणि अमेरिकन एक्सप्रेस या आपल्या दोन कार्ड-भागीदारांकडून मिळून ९२ कोटी डॉलर उभे केले.

एकही पाहुणा मुक्कामाला नसताना पाहुण्यांच्या निष्ठेला एवढा भाव कसा आला? वरवर पाहता पॉइंट म्हणजे वारंवार येणाऱ्या गिऱ्हाइकाला मालकाने प्रेमाने दिलेली भेट. प्रत्यक्षात तो कंपनीने स्वतःच पाडलेला नाणेप्रकार आहे आणि त्याचा सर्वांत मोठा खरेदीदार बँक आहे. हे नाणे कसे घडले, ते कोणाच्या खिशातून येते आणि कोणाच्या खिशात जाते, हे पाहायचे तर सव्वाशे वर्षे मागे जावे लागते.

चिकटवायची तिकिटे

१८९६ साली अमेरिकेत स्पेरी अँड हचिन्सन ही कंपनी निघाली. तिचा माल म्हणजे हिरव्या रंगाची छोटी तिकिटे. दुकानदार ती कंपनीकडून विकत घेई आणि गिऱ्हाइकाला दर दहा सेंटच्या खरेदीमागे एक तिकीट देई. घरची बाई ती वहीत चिकटवत जाई. १,२०० तिकिटांची वही भरली, की कंपनीच्या केंद्रावर ती देऊन दिवा, टोस्टर किंवा पांघरूण घेता येई. १९६०च्या दशकात या प्रकाराला उधाण आले. अमेरिकी टपाल खाते जेवढी तिकिटे छापते त्याच्या तिप्पट आपण छापतो, अशी कंपनीची फुशारकी होती. अँडी वॉरहॉलने १९६२ साली सूपच्या डब्यांबरोबर या हिरव्या तिकिटांनाही चित्रविषय केले, यावरून ती किती घरोघर पोचली होती हे कळते.

आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातली मेख वेगळी आहे. दुकानदार तिकिटाचे पैसे आज भरतो, गृहिणी वस्तू काही महिन्यांनी किंवा वर्षांनी नेते. काही वह्या अर्धवट राहतात, काही हरवतात. मधल्या काळात ती रक्कम तिकीट कंपनीकडे पडून असते. कॅलिफोर्नियातल्या ब्लू चिप स्टॅम्प्स या अशाच कंपनीत वॉरन बफे आणि चार्ली मंगर यांनी हिस्सा घेतला, तो या पडून असलेल्या पैशावर नजर ठेवूनच. १९७२ साली ब्लू चिपने सीज कँडीज हा मिठाईचा कारखाना अडीच कोटी डॉलरला विकत घेतला. पुढची कितीतरी वर्षे तो बफे यांचा लाडका धंदा राहिला.

तेव्हा पॉइंटांच्या धंद्याचा पहिला धडा हॉटेलांच्या आधीच गिरवून झाला होता. वचन आज विकावे, ते पुरे करायची वेळ नंतर येते, आणि काही वचने मागायला कोणी येतच नाही.

रिकामी खोली

१९७८ साली अमेरिकेने विमानभाड्यांवरचे सरकारी नियंत्रण उठवले. कंपन्यांत भाडेयुद्ध पेटले. तोवर ठरलेल्या भाड्यात सुखाने नांदणाऱ्या कंपन्यांना प्रवासी टिकवण्याची युक्ती हवी होती. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने उडलेल्या मैलांची नोंद ठेवून फुकट तिकीट देणारी योजना आणली. युनायटेडने काही दिवसांतच तिचा कित्ता गिरवला.

दोन वर्षांनी, १९८३मध्ये, हॉलिडे इन आणि मॅरियट या दोघांनी हॉटेलांसाठी अशाच योजना सुरू केल्या. हिल्टन आणि हयात १९८७ साली आले. हॉलिडे इनने यात आघाडी घ्यावी हे स्वाभाविक होते. केमन्स विल्सनने १९५२ साली मेम्फिस शहरात हे हॉटेल काढले, ते कुटुंबासह मोटारीने फिरणाऱ्यांना कुठेही गेले तरी सारखीच स्वच्छ खोली मिळावी म्हणून. पण सारखेपणा हाच गुण झाला, की शेजारचे दुसरे सारखे हॉटेलही तितकेच चालते. तिथे पाय वळू नये यासाठी खोलीपलीकडचे काहीतरी द्यावे लागते.

ते देणे हॉटेलला परवडते. आजची रिकामी खोली उद्या विकता येत नाही, रात्र सरली की ती नासली. अशा खोलीत फुकट पाहुणा ठेवला तर खर्च होतो तो चादरी धुण्याचा, साबणाचा आणि सफाई कामगाराच्या मजुरीचा. पाहुण्याच्या लेखी मात्र तिची किंमत दारावरच्या पूर्ण भाड्याएवढी असते. देणाऱ्याला स्वस्त आणि घेणाऱ्याला महाग वाटणारी भेट कोणत्याही व्यापाऱ्याला हवीच असते.

दुसरे कारण थोडे नाजूक आहे. व्यावसायिक प्रवासात बिल मालक भरतो आणि पॉइंट नोकराच्या नावावर जमतात. हॉटेल निवडण्याचा हक्क नोकराकडे असेल तर तो दहा डॉलर महागडे, पण आपल्या पॉइंटांचे हॉटेल निवडतो. कंपनीच्या खर्चातून घरच्यांची सुट्टी साजरी होते. या लाभावर प्राप्तिकर लागावा का, हा प्रश्न अमेरिकेच्या करखात्याने बरीच वर्षे टांगून ठेवला. शेवटी २००२ साली खात्याने जाहीर केले, की कामानिमित्तच्या प्रवासात मिळालेल्या अशा खासगी लाभांच्या मागे आपण लागणार नाही. सरकारने काणाडोळा केल्यावर पॉइंट हा पगाराचा करमुक्त पुरवणी भाग झाला.

बँक मध्ये येते

इथपर्यंत पॉइंट मिळवायचे तर निदान हॉटेलात झोपावे लागत होते. ती अट क्रेडिट कार्डाने काढून टाकली.

बँक ऑफ अमेरिकाने सप्टेंबर १९५८मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नो गावात सुमारे ६०,००० कार्डे, कोणी मागितली नसताना, टपालाने पाठवून दिली. पुढे हेच कार्ड व्हिसा झाले. न मागता कार्डे पाठवण्याचा हा प्रकार इतका माजला, की १९७०मध्ये त्यावर कायद्याने बंदी आली. मग ग्राहकाने आपणहून कार्ड मागावे यासाठी त्याला काहीतरी आमिष दाखवणे भाग पडले.

व्याजाचा अडसर १९७८ साली दूर झाला. बँक ज्या राज्यात आहे तिथला व्याजदर तिने परराज्यातल्या ग्राहकालाही लावावा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. सिटीबँकेने १९८१ साली आपला कार्डाचा कारभार न्यूयॉर्कमधून उचलून साऊथ डाकोटात नेला, कारण त्या राज्याने व्याजावरची मर्यादा काढून टाकली होती. कार्डाचा धंदा किफायतशीर झाला आणि ग्राहकांसाठी ओढाताण सुरू झाली. १९८७मध्ये सिटीबँकेने अमेरिकन एअरलाइन्सचे मैल देणारे कार्ड काढले. पुढच्या दशकात हॉटेलांची कार्डेही बाजारात रुळली.

याचे यंत्र असे चालते. ग्राहक दुकानात १०० डॉलरचे कार्ड घासतो. दुकानदाराच्या हाती सुमारे ९८ डॉलर पडतात. उरलेल्यातला मोठा भाग कार्ड देणाऱ्या बँकेला मिळतो. त्यातून बँक हॉटेल कंपनीकडून पॉइंट विकत घेते आणि ग्राहकाच्या खात्यात टाकते. हिरव्या तिकिटांच्या दुकानदाराची जागा आता बँकेने घेतली आणि हॉटेल कंपनी तिकिटे छापणारी झाली.

बोनसचा काळ

बँकांची खरी चढाओढ लागली ती स्वागताच्या बोनसवरून. ऑगस्ट २०१६मध्ये चेस बँकेने सफायर रिझर्व्ह हे कार्ड आणले. वर्षाची फी ४५० डॉलर. पहिल्या तीन महिन्यांत ४,००० डॉलर खर्च केले, की १ लाख पॉइंट. ते हयातसारख्या हॉटेलांच्या खात्यात एकास एक वळवता येत. हयातच्या सर्वांत महागड्या वर्गातली एक रात्र तेव्हा ३०,००० पॉइंटांना मिळे. म्हणजे किराणा, पेट्रोल आणि विम्याचे हप्ते भरता भरता पॅरिस किंवा न्यूयॉर्कमधल्या तीन राजेशाही रात्री पदरात पडत. हेच १ लाख पॉइंट हयातमध्ये राहून कमवायचे, तर साध्या सदस्याला दर डॉलरला पाच या दराने २०,००० डॉलर हॉटेलात ओतावे लागले असते. कार्डांवर इतक्या उड्या पडल्या, की त्यासाठी लागणारा धातूच बँकेला कमी पडला. जेमी डायमन यांनी त्या तिमाहीच्या नफ्यात या कार्डापायी २० ते ३० कोटी डॉलरची घट होईल असे सांगितले, आणि जानेवारी २०१७मध्ये बोनस निम्म्यावर आला.

जिथे बोनस आहे तिथे तो पिळून घेणारेही असतात. अमेरिकेच्या सरकारी टाकसाळीने एक डॉलरची नाणी चलनात रुळावीत म्हणून ती मूळ किमतीला आणि टपालखर्च न घेता घरपोच देण्याची योजना २००८मध्ये आणली. हुशार मंडळींनी हजारो नाणी कार्डाने मागवली, खोके न फोडताच बँकेत भरली, त्याच पैशाने कार्डाचे बिल चुकवले आणि पॉइंट ठेवून घेतले. जुलै २०११मध्ये टाकसाळीने कार्डाने खरेदी बंद केली. बँकांनीही कुंपणे घातली. कोणी एक बोनस आयुष्यात एकदाच देते, तर कोणी गेल्या २४ महिन्यांत पाच नवी कार्डे घेतलेल्याला दारातूनच परत पाठवते.

विकतचा मानपान

पॉइंटांहूनही नाजूक गोष्ट स्टेटसची. आपल्याकडे लग्नात मानपान असतो, तसा हॉटेलात सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड असा मान असतो. फुकट न्याहारी, मोठी खोली, उशिरापर्यंत मुक्काम. वर्षाचे साठ दिवस घरापासून दूर राहणाऱ्या माणसाच्या एकटेपणाची ती एक प्रकारे भरपाई होती. स्वागतकक्षात कोणी नावाने ओळखते, याला अशा आयुष्यात मोल असते.

२०१८च्या जानेवारीत हिल्टन आणि अमेरिकन एक्सप्रेसने ४५० डॉलर वार्षिक फीचे कार्ड आणले. एरवी ६० रात्री किंवा ३० मुक्काम झाल्यावर मिळणारा डायमंड दर्जा या कार्डाबरोबर पहिल्याच दिवशी मिळू लागला, एकही रात्र न राहता. हयातने त्याच वर्षी निघालेल्या आपल्या कार्डात थोडा हात राखला. वर्षाला पाच रात्रींचे श्रेय, आणि पुढे दर ५,००० डॉलर खर्चामागे आणखी दोन रात्रींचे.

मान विकायला काढला की तो स्वस्त होतो. डायमंड पाहुणे वाढले, मोठ्या खोल्या तेवढ्याच राहिल्या. २०२१मध्ये हिल्टनने अमेरिकेतल्या हॉटेलांत फुकट न्याहारीच्या जागी ठरावीक रकमेची सवलत आणली. मॅरियटने सर्वांत वरच्या पायरीसाठी १०० रात्रींबरोबर खर्चाचीही अट घातली. नाण्याचेही तेच झाले. २०१३मध्ये हिल्टनने सर्वांत महाग रात्रीचा दर ५०,००० पॉइंटांवरून ९५,०००वर नेला. मार्च २०२२पासून मॅरियटने ठरीव दरांचा तक्ताच बंद केला. जपून ठेवलेल्या पुंजीची किंमत एका जाहीरनाम्याने निम्मी व्हावी, आणि त्याविरुद्ध दाद मागायला जागा नसावी, असे हे चलन. टाकसाळ ज्याची, दरही त्याचाच.

बिल कोणाच्या नावे?

फुकट रात्रीचे पैसे शेवटी कोणीतरी भरतेच. दुकानदार कार्डाचा खर्च मालाच्या किमतीत मिसळतो आणि बहुतेक ठिकाणी ती किंमत सर्वांना एकच असते. म्हणजे रोखीने ब्रेड घेणारी बाई कार्डवाल्याच्या सुट्टीला हातभार लावते. बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या अर्थतज्ज्ञांनी २०१० साली या हातभाराचे गणित मांडले. रोखीने व्यवहार करणारे सरासरी कुटुंब वर्षाला १४९ डॉलर देते, तर कार्ड वापरणाऱ्या कुटुंबाला १,१३३ डॉलर मिळतात. दुसरा हातभार थकबाकीदारांचा. दरमहा पूर्ण बिल भरणाऱ्याचे बक्षीस हे बिल न भरू शकणाऱ्याच्या व्याजातून निघते. २०२२ सालच्या एका अभ्यासाने हे हस्तांतर अमेरिकेत वर्षाला सुमारे १५ अब्ज डॉलरचे असल्याचे म्हटले.

हे सारे निसर्गनियमासारखे अटळ मात्र नाही. ऑस्ट्रेलियाने २००३मध्ये बँकेला मिळणारा वाटा सुमारे ०.९५ टक्क्यांवरून ०.५५ टक्क्यांवर आणला आणि तिथले पॉइंट आटले. युरोपीय संघाने २०१५मध्ये क्रेडिट कार्डासाठी ०.३ टक्क्यांची मर्यादा घातली. अमेरिकेत २०११पासून डेबिट कार्डावरचे शुल्क बांधले गेले आणि त्या कार्डांवरची बक्षिसे बहुतेक ठिकाणी बंद झाली. क्रेडिट कार्ड त्या कायद्यातून सुटले, म्हणून पॉइंटांचे राज्य तिथेच टिकून आहे.

भारतात या दोन्ही वाटा आज शेजारी शेजारी दिसतात. जानेवारी २०२०पासून यूपीआयवर दुकानदाराला शुल्क नाही. त्यामुळे कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याला मोबाईलवरून दिलेल्या पन्नास रुपयांतून कोणाची हॉटेलातली रात्र निघत नाही. दुसरीकडे ऑगस्ट २०२३मध्ये एचडीएफसी बँक आणि मॅरियट यांनी भारतातले पहिले हॉटेल-कार्ड म्हणून आपले कार्ड आणले. वर्षाची फी ३,००० रुपये, सोबत सिल्व्हर दर्जा आणि दहा रात्रींचे श्रेय. मुंबई-पुण्यातला नोकरदार मध्यमवर्ग आता हे गणित चांगले शिकला आहे. त्यात गैर काही नाही. नियम ज्यांनी लिहिले त्यांच्याच नियमांनी तो चार दिवस सुखाने राहतो.

पण हॉटेल सोडताना हाती पडणाऱ्या बिलावर जेव्हा भाड्याच्या रकाण्यात शून्य छापलेले असते, तेव्हा ती रक्कम माफ झालेली नसते. ती आधीच, थोडी थोडी करून, अनेक दुकानांच्या गल्ल्यांवर वसूल झालेली असते. भरणाऱ्यांपैकी पुष्कळांनी त्या हॉटेलचा दरवाजाही पाहिलेला नसतो.