गंजिफाच्या डावात जागा कोणाला?

आमच्या शहापूर-मुरबाडकडे हळदीच्या रात्री मांडवात पत्त्यांचा डाव बसतो. आम्हीही त्या सतरंजीवर अनेक रात्री जागवल्या आहेत. राजा, राणी, गुलाम हातात येतात. ही चित्रे कोणाची, असे कोणी विचारत नाही. तो प्रश्न आम्हाला पडला गंजिफाचा इतिहास वाचताना.

गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले, बहुधा गोल पत्ते. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला ते धाडल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. पुढे अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त बारा रंगांचा, १४४ पत्त्यांचा डाव वर्णिला. त्यात सुरपतीच्या रंगात तख्तावर इंद्र बसतो, असुरपतीच्या रंगात दाऊदपुत्र सुलेमान, आणि त्याच्या हाताखाली जिन. एका रंगात तख्तावर राणी आहे. बादशहाच्या दिवाणखान्यात इंद्र आणि सुलेमान एकाच पिसणीत मिसळत होते!

मुघल गंजिफात आठ रंग, ९६ पत्ते. दशावतारी गंजिफात मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, १२० पत्ते. मुघल डाव दिवसा सुर्ख रंगाने सुरू होतो, रात्री सफेदने. दशावतारी डावात दिवसा रामाचा मान, रात्री कृष्णाचा. राजा, वजीर आणि एक ते दहा ही उतरंड दोन्हीकडे तीच. खेळ कोणी मोडला नाही. आपापले चेहरे त्यात बसवले. सावंतवाडीला ही कला विझत आली, तेव्हा १९७० च्या दशकात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुंडलिक चितारी यांच्याकडून ती शिकून घेतली, म्हणून ती टिकली.

हाच प्रश्न आज दूरदेशीही निघाला आहे. १९७४ साली अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ आला. टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एक काल्पनिक पात्र व्हायचे. त्यात ऑर्कसारख्या काही जमाती जन्मानेच दुष्ट ठरवल्या होत्या. खऱ्या माणसांच्या समूहांनाही असेच हिणवले गेले आहे, हे प्रकाशकांनी २०२० मध्ये मान्य केले. २०२४ च्या नियमपुस्तकातून ‘वंश’ हा शब्दही गेला. जन्मावरून कलंक लावण्याची ही रीत आपल्याला नवी नाही, म्हणून ही बातमी आम्हाला परकी वाटली नाही.

पण केवळ स्वतःपुरते पाहून भागत नाही. अकबराच्या डावात सुलेमान सापडला, तेव्हा आम्ही सुखावलो. मग वनपतीचा रंग पाहिला. त्यात राजा वाघ, वजीर बिबट्या, बाकी रानातली जनावरे. रानातला माणूस कुठेच नाही. आमच्या तालुक्यांतल्या ठाकर-कातकऱ्याने हा डाव हातात घेतला, तर त्याने स्वतःला कुठे शोधायचे?

आपल्याला जागा मिळाली की डाव पुरा झाला, असे मानू नये. शेजारी बसलेल्याच्या हातातले पत्तेही एकदा पाहावेत.