पसंतीक्रमाचे मत आणि त्याची मोजणी : आयर्लंडचे राष्ट्रपतिपद ते नाशिक पदवीधर मतदारसंघ

लोकसभा किंवा विधानसभेच्या निवडणुकीत आपण एका चिन्हापुढील बटण दाबतो. ज्याला सर्वांत जास्त मते, तो विजयी. परंतु काही निवडणुकांत मतदाराने उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असे अंक लिहावयाचे असतात. आयर्लंडचे राष्ट्रपती अशाच पद्धतीने निवडले जातात. भारताचे राष्ट्रपती आणि आपल्या विभागाचे पदवीधर व शिक्षक आमदारही असेच निवडले जातात. या पद्धतीला एकल संक्रमणीय मत पद्धती असे म्हणतात. आपल्या धर्मग्रामांतील अनेक शिक्षक, धर्मभगिनी, परिचारिका आणि पदवीधर तरुण-तरुणी या मतदानास पात्र आहेत. त्यांच्यासाठी ही पद्धत आणि तिची मोजणी येथे उदाहरणांसह समजावून देत आहोत.

पद्धतीचे मूळ तत्त्व

मतदार आपल्या सर्वांत पसंतीच्या उमेदवारापुढे १ हा अंक लिहितो. त्यानंतर इच्छा असल्यास दुसऱ्यापुढे २, तिसऱ्यापुढे ३ असे लिहीत जातो. मोजणीत प्रथम वैध व अवैध मतपत्रिका वेगळ्या केल्या जातात. एकच जागा असेल तर वैध मतांना दोनने भागून एक मिळविला जातो आणि अपूर्णांक सोडून दिला जातो. या संख्येस कोटा म्हणतात. पहिल्या पसंतीतच कोणी कोटा गाठला, तर तेथेच निकाल लागतो.

कोणीही कोटा गाठला नाही, तर सर्वांत कमी मते असलेला उमेदवार बाद होतो. त्याच्या मतपत्रिका मात्र बाद होत नाहीत. प्रत्येक मतपत्रिकेवर पुढची पसंती कोणाला आहे ते पाहून ती त्या उमेदवाराच्या गठ्ठ्यात जाते. कोणीतरी कोटा गाठेपर्यंत किंवा एकच उमेदवार उरेपर्यंत हा क्रम चालू राहतो. पुढची पसंती न लिहिलेली मतपत्रिका संपलेली समजून बाजूला ठेवली जाते.

कॅथोलिक वाचकांना पोपमहोदयांच्या निवडणुकीशी तुलना केल्यास हा फरक चटकन ध्यानात येईल. ८ मे २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांची निवड झाली. तेथे दोन तृतीयांश मते मिळेपर्यंत कार्डिनल पुन्हा पुन्हा नव्याने मतदान करतात. प्रत्येक वेळी नवी चिठ्ठी, नवा विचार. संक्रमणीय पद्धतीत मतदार एकदाच लिहून घरी जातो. पुढच्या सर्व फेऱ्यांत तो काय करील, हे त्याने अंकांनी आधीच सांगून ठेवलेले असते. म्हणून ते अंक विचारपूर्वक लिहावे लागतात.

आयर्लंडमधील मोजणी

१९३७ च्या आयरिश राज्यघटनेच्या बाराव्या कलमानुसार तेथील राष्ट्रपती थेट जनतेकडून, गुप्त मतदानाने आणि याच पद्धतीने निवडले जातात. मुदत सात वर्षांची असते. मोजणी मतदानाच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते. मतपत्रिका हाताने उलगडल्या जात असताना राजकीय पक्षांचे कार्यकर्ते कठड्यापलीकडे उभे राहून प्रत्येक कागदावरील १ हा अंक टिपून घेतात. त्यामुळे अधिकृत आकडे येण्यापूर्वीच कल समजू लागतो. सर्व मतदारसंघांचे आकडे डब्लिन कॅसल येथे एकत्र केले जातात. कोणाला बाद करावयाचे याचा निर्णयही देशभराच्या बेरजेवरून होतो.

७ नोव्हेंबर १९९० रोजी झालेली निवडणूक या पद्धतीचे उत्तम उदाहरण आहे. पहिल्या पसंतीची मते अशी होती : ब्रायन लेनिहान ६,९४,४८४, मेरी रॉबिन्सन ६,१२,२६५ आणि ऑस्टिन करी २,६७,९०२. कोटा ७,८७,३२६ होता. लेनिहान ८२ हजारांहून अधिक मतांनी पुढे होते. आपल्या लोकसभेच्या पद्धतीने ते विजयी ठरले असते. मात्र कोटा कोणीच गाठला नव्हता. म्हणून करी बाद झाले आणि त्यांच्या मतपत्रिकांवरील पुढची पसंती पाहण्यात आली. त्यांपैकी २,०५,५६५ रॉबिन्सन यांच्याकडे आणि ३६,७८९ लेनिहान यांच्याकडे गेल्या. २५,५४८ मतपत्रिकांवर पुढची पसंती नव्हती. अंतिम आकडे झाले : रॉबिन्सन ८,१७,८३०, लेनिहान ७,३१,२७३. अशा रीतीने मेरी रॉबिन्सन आयर्लंडच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या.

भारतातील मोजणी : १९६९

भारतीय राज्यघटनेच्या ५५ व्या कलमाने राष्ट्रपतींच्या निवडणुकीस हीच पद्धत लागू केली. फरक इतकाच की आपल्याकडे जनता थेट मतदान करीत नाही. खासदार आणि आमदार मतदान करतात आणि प्रत्येकाच्या मताला ठरलेले मूल्य असते.

आजवर एकदाच निकालासाठी पुढच्या पसंतीची मते मोजावी लागली, ती १९६९ साली. व्ही. व्ही. गिरी यांना पहिल्या पसंतीची ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डी यांना ३,१३,५४८ आणि चिंतामणराव देशमुख यांना १,१२,७६९ मते मिळाली. चिंतामणराव हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री होते. संयुक्त महाराष्ट्राच्या काळात मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडले होते. कोटा ४,१८,१६९ होता. म्हणजे गिरी यांना १६,६५४ मते कमी पडत होती. बाद झालेल्या उमेदवारांच्या मतपत्रिका उघडल्यावर बहुतेक पुढची पसंती रेड्डी यांच्याकडे गेली. गिरी यांना केवळ १८,५६२ मते मिळाली, पण कोटा ओलांडण्यास तेवढी पुरली. अंतिम आकडे ४,२०,०७७ आणि ४,०५,४२७ असे होते.

ही दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहावीत. १९९० मध्ये आयर्लंडला मागे असलेला उमेदवार पुढच्या पसंतीमुळे जिंकला. १९६९ मध्ये भारतात पुढे असलेला उमेदवार त्याच पसंतीमुळे थोडक्यात टिकला. दोन्हीकडे निर्णय त्या मतदारांनी केला, ज्यांचा स्वतःचा उमेदवार तिसऱ्या क्रमांकावर होता.

आपल्या पाच जिल्ह्यांत

राज्यघटनेच्या १७१ व्या कलमानुसार विधान परिषदेत पदवीधर आणि शिक्षकांचे प्रतिनिधी असतात. महाराष्ट्राच्या ७८ सदस्यांपैकी ७ पदवीधरांकडून आणि ७ शिक्षकांकडून निवडले जातात. नाशिक विभागाच्या या दोन्ही मतदारसंघांत नाशिक, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), धुळे, जळगाव आणि नंदुरबार हे जिल्हे येतात. आपल्या धर्मप्रांताच्या सीमाही याच पाच जिल्ह्यांच्या आहेत.

२०२३ च्या पदवीधर निवडणुकीत १,२९,६१५ मतपत्रिका मोजणीस आल्या. त्यांपैकी १,१६,६१८ वैध ठरल्या आणि कोटा ५८,३१० निघाला. संगमनेरचे अपक्ष उमेदवार सत्यजित तांबे यांना पहिल्या पसंतीचीच ६८,९९९ मते मिळाली. दुसऱ्या क्रमांकावरील शुभांगी पाटील यांना ३९,५३४ मते होती. त्यामुळे दुसऱ्या पसंतीचा प्रश्नच आला नाही.

२०२४ च्या शिक्षक मतदारसंघात मात्र वेगळे घडले. १ जुलै रोजी सुरू झालेल्या मोजणीत पहिल्या पसंतीने कोणालाही कोटा गाठता आला नाही. उमेदवार एकामागून एक बाद होत गेले आणि अखेरीस किशोर दराडे विजयी झाले. कोपरगावचे विवेक कोल्हे दुसऱ्या स्थानी राहिले.

बाद झालेली १२,९९७ मते

२०२३ च्या आकड्यांत आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा आकडा विजयी उमेदवाराचा नाही, तर अवैध मतांचा आहे. १२,९९७ मतपत्रिका बाद झाल्या, म्हणजे दर दहांमागे एक. हे मतदार सर्व पदवीधर होते. आयर्लंडमध्येही ऑक्टोबर २०२५ मध्ये कॅथरिन कॉनोली राष्ट्रपतिपदी निवडून आल्या, तेव्हा २ लाख १३ हजारांहून अधिक मतपत्रिका अवैध ठरल्या. हे प्रमाण जवळजवळ तेरा टक्के होते. तेथे मात्र अनेकांनी नाराजी दाखविण्यासाठी मतपत्रिका जाणूनबुजून खराब केल्या होत्या. आपल्याकडे नियम माहीत नसल्यानेही मत वाया जाऊ शकते. म्हणून पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

– मतदान केंद्रावर मिळणारा जांभळ्या रंगाचा पेनच वापरावा. स्वतःचा पेन वापरल्यास मत बाद होते.
– १ हा अंक एकाच नावापुढे लिहावा. तो लिहिला नाही किंवा दोघांपुढे लिहिला, तर मत अवैध ठरते.
– बरोबरची किंवा फुलीची खूण करू नये.
– ‘एक’, ‘दोन’ असे अक्षरांत लिहू नये. अंक मराठी, आंतरराष्ट्रीय किंवा रोमन चालतात.
– सही, आद्याक्षरे, अंगठा किंवा स्वतःची ओळख पटेल असे काहीही लिहू नये.
– एकाच नावापुढे १ आणि २ हे दोन्ही अंक लिहू नयेत.

दुसरी पसंती लिहिणे सक्तीचे नाही. ‘फक्त १ लिहा, २ लिहिल्यास आपल्या उमेदवाराचे नुकसान होते’ असे प्रचारात पुष्कळदा सांगितले जाते. ते खरे नाही. पहिला उमेदवार शर्यतीत असेपर्यंत दुसरी पसंती पाहिलीच जात नाही. तो बाद झाल्यावरच ती उपयोगात येते. त्या वेळी २ लिहिलेला नसेल, तर अंतिम निर्णयात त्या मतदाराचा सहभाग राहत नाही.

मोजणीच्या बातम्या कशा वाचाव्यात

प्रथम वैध मतांची संख्या आणि कोटा पाहावा. आघाडी किती यापेक्षा कोटा किती दूर आहे याला महत्त्व आहे. दुसरे, ‘फेरी’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. पहिल्या पसंतीच्या मतपत्रिका टप्प्याटप्प्याने मोजतात, त्यालाही फेरी म्हणतात आणि उमेदवार बाद करण्याच्या क्रमालाही फेरी म्हणतात. बातमी कोणत्या फेरीची आहे ते पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. तिसरे, बाद होणाऱ्या उमेदवाराचा गठ्ठा आणि आघाडीतील फरक यांची तुलना करावी. गठ्ठा मोठा असेल तर निकाल बदलू शकतो. चौथे, संपलेल्या मतपत्रिकांचा आकडा पाहावा. तो वाढला की कोटा गाठणे सर्वांनाच कठीण होते. मोजणी रात्रभर चालली म्हणून संशय घेण्याचे कारण नाही. हाताने केलेल्या या कामाला वेळ लागतो.

नावनोंदणी

या मतदारसंघांची यादी प्रत्येक निवडणुकीपूर्वी नव्याने तयार होते. मागच्या यादीत नाव होते म्हणून ते पुढच्या यादीत येत नाही. विधानसभेच्या यादीतील नावही येथे चालत नाही. निवडणुकीपूर्वीचा १ नोव्हेंबर हा पात्रता दिनांक असतो. पदवीधराने त्या दिवसापूर्वी किमान तीन वर्षे पदवी घेतलेली असावी आणि तो मतदारसंघाचा रहिवासी असावा. त्याच्यासाठी नमुना १८ असतो. शिक्षकाने मागील सहा वर्षांत एकूण किमान तीन वर्षे माध्यमिक किंवा त्यावरील शिक्षणसंस्थेत अध्यापन केलेले असावे. त्याच्यासाठी नमुना १९ असतो. सदस्यत्वाची मुदत सहा वर्षांची असते. त्यानुसार पदवीधरांची पुढील निवडणूक २०२९ च्या सुमारास आणि शिक्षकांची २०३० च्या सुमारास अपेक्षित आहे. अर्ज साधारणपणे आधीच्या वर्षाच्या ऑक्टोबरपासून स्वीकारले जातात. सप्टेंबरमध्ये हरेगावच्या मतमाउलीची यात्रा झाली की त्या वर्षी हे काम हाती घ्यावे, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

मतदानाचा हक्क बजावणे हे नैतिक कर्तव्य आहे, अशी ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथाची (परिच्छेद २२४०) शिकवण आहे. कोणाला मत द्यावे हे येथे सांगावयाचे नाही, तो प्रत्येकाच्या सदसद्विवेकबुद्धीचा प्रश्न आहे. परंतु विचारपूर्वक दिलेले मत एका चुकीच्या खुणेने किंवा भरावयाच्या राहिलेल्या एका अर्जाने वाया जाऊ नये. धर्मग्रामांतील शिक्षकांनी व युवक मंडळांनी कोऱ्या कागदावर नमुना मतपत्रिका तयार करून इतरांकडून हा सराव करून घ्यावा, अशी नम्र विनंती आहे.